पिल्लाच्या गळ्याखाली गोळा दिसतोय? आधी सकाळ होऊ द्या

तुमचा प्रश्न असा आहे: तीन आठवड्यांच्या, गिरिराज जातीच्या कोंबडीच्या पिल्लाच्या गळ्याखाली उजव्या बाजूला गोळा आलाय, शेजारचे म्हणतात तेल पाजून उलटं धरा. धरू का? आणि बाकीच्या पिल्लांपासून वेगळं ठेवू का?

उलटं मुळीच धरू नका. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण बाकीचं वाचून होईस्तोवर तुम्ही धरून मोकळे व्हाल अशी भीती वाटते.

माझ्या पहिल्या खेपेतलं एक पिल्लू मी असंच घालवलं. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, घरामागच्या सांदवाडीत आठ-दहा कोंबड्या असतात. संध्याकाळी पिल्लं खोक्यात भरताना एकाच्या गळ्याखाली बोराएवढा फुगवटा दिसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काही नाही होत त्याले, गोडंतेल पाज अन् पाय वर करून झटक." मी झटकलं. चोचीतून तेल आणि दाण्यांचा लगदा आला, पिल्लानं दोनदा आ वासला आणि माझ्या हातातच मान टाकली. कोंबडीच्या जिभेमागे लगेच श्वासनळीचं तोंड असतं. वर आलेलं पाणी-तेल सरळ तिथे उतरतं. आणि जास्त लागलं ते हे, की त्या पिल्लाला काही झालेलंच नव्हतं. दिवसभर दाणे टिपलेलं पिल्लू, संध्याकाळी त्याची पिशवी भरलेलीच असणार.

ती गाठ नसते, अन्नाची पिशवी असते. डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात. कोंबडी खाते ते आधी तिथे साठतं, भिजतं आणि रात्रभरात थोडं थोडं खाली सरकतं. म्हणून संध्याकाळी बघून काही कळत नाही, सकाळी कळतं. आज रात्री दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या, आणि उद्या उजाडल्यावर दाणा घालण्याआधी दोन बोटांनी हलकेच चाचपा. पिशवी सपाट लागली तर पिल्लू ठणठणीत आहे, विषय संपला. मळलेल्या कणकेसारखी थोडी उरली असेल तर दोन-तीन तासांनी परत बघा. सुपारीसारखी कडक गोटी लागली तर आत काहीतरी अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी डुचमळतेय आणि चोचीला आंबलेल्या पिठासारखा वास येतोय, तर आत बुरशी माजलीय. मात्र आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की पिल्लं पाणीच पाणी पितात. वास नसेल आणि सकाळी पिशवी रिकामी होत असेल, तर नुसतं डुचमळणं मनावर घेऊ नका.

अडकतं काय, तर बहुतेक वेळा आपणच खोक्यात घातलेलं. माझ्या दुसऱ्या खेपेत मी हुशारी केली होती. कूलरच्या ताट्या बदलल्या, जुनं गवत वाळवलं आणि पिल्लांखाली अंथरलं. फुकटात मऊ गादी! चौथ्या दिवशी एक पिल्लू कोपऱ्यात मान आखडून उभं, पिशवी कडक, आणि चोचीच्या कडेला गवताचा एक तंतू लोंबत होता. तो ओढायचा मोह झाला होता. ओढला नाही, कारण आत तो कशात गुंतलाय ते दिसत नाही. तणस, नारळाच्या शेंड्या, सुतळी, लांब गवत यांचं असंच होतं. धानाचं तूस बरं.

त्याला मी काय केलं ते सांगते. आधी ऊब. गारठलेल्या पिल्लाची पिशवी हलतच नाही, मग तेल पाजा नाहीतर काहीही करा. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. डिसेंबरातल्या नागपूरच्या रात्री तर बल्ब विझला की संपलंच. उन्हाळ्यात कूलरचा झोत खोक्यावर येऊ देऊ नका.

मग दाणा बंद, कोमट पाणी चालू. सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंब लावायचा, पिल्लू स्वतः गिळतं. घशात पिचकारी मारायची नाही. दोन थेंब खोबरेल, तेही तसंच कडेने. थोड्या वेळाने पिल्लाला सरळ धरून पिशवी बोटांच्या पेरांनी गोल गोल, कढी ढवळावी इतक्या हलक्या हाताने चोळायची. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. माझ्या पिल्लाची गोटी दुसऱ्या दिवशी दुपारी सैल झाली आणि खाली विष्ठा दिसली. ती दिसेस्तोवर मागची जागा बघत राहा. तिथे चिकटून बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा. सैल पडल्यावर स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, भिजवून अगदी थोडं थोडं दिलं. इतक्या लहान जिवाला एका दिवसाहून जास्त उपाशी ठेवू नका. तेवढ्यात फरक पडला नाही तर घरचे प्रयोग थांबवा, डॉक्टरकडे न्या.

आंबूस वास असेल तर चोळूच नका, डॉक्टरकडे न्या. त्याला बुरशीवरचं औषध लागतं. आपल्याकडे पिल्लू मलूल दिसलं की पाण्यात अँटिबायोटिक टाकायची सवय आहे. बुरशीला त्याने उलट रान मोकळं मिळतं. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कोंबडी घेऊन जायला लाजू नका. एकाऐवजी तीन-चार पिल्लं एकदम मलूल झाली, हिरवट हगायला लागली किंवा मान वाकडी करू लागली तर ती राणीखेत या साथीच्या रोगाची भीती आहे, पिशवीची भानगड नाही. लासोटा या राणीखेतवरच्या लशीचा डोस पाचव्या-सातव्या दिवशी दिला होता का, हे डॉक्टर आधी विचारतील.

अजून एक, रेती. नुसत्या स्टार्टरवर असलेल्या पिल्लाला ती लागत नाही. पण तुम्ही ज्वारीची भरड, कणी, पालक असं काही टाकत असाल तर पोटातलं दाणे दळणारं जातं फिरायला खडे हवेत. धुऊन वाळवलेली, रव्यापेक्षा थोडी जाड रेती वेगळ्या वाटीत ठेवा, ती आपापली टिपतात.

वेगळं ठेवायचं, हो, पण त्याच खोक्यात मध्ये जाळी लावून. बाकीच्यांचा आवाज येत राहिला पाहिजे. एकटं पिल्लू चिवचिवून चिवचिवून अर्धं होतं.