सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे कार सुरू होत नाही. जास्त एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण क्षमता) बॅटरी टाकू का?

नको, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचीच घ्या, फक्त ताज्या तारखेची बघून घ्या. आपल्याकडची थंडी बॅटरी मारत नाही. बॅटरी खचते एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात. पहाटेच्या गारव्यात रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि मग बिंग फुटतं. आधी जुनीच तपासा: रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी चार्ज. टर्मिनलवरची पांढरी पूड साफ करा, क्लॅम्प आवळा. बऱ्याच ‘मेलेल्या’ बॅटऱ्या इथेच उठून बसतात! काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. लेहला डिझेल गाडी नेणार असाल तर मात्र त्याच मापात जास्त सीसीएची (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी देऊ शकते तो करंट) बघा. तो आकडा उणे १८ अंशांवरचा असतो.