बटण दाराशी, खाट खिडकीशी

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. पारोळा तालुक्यात आमचं जुनं, लांबट घर आहे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मग परसदार आणि तिथे संडास. रात्री त्या दोन-तीनदा उठतात, पण दिवा लावत नाहीत. बिल येतं, नातवंडांची झोप मोडते, ही कारणं. फार बोललं तर म्हणतात, "मना पायले घर माहीत शे." गेल्या महिन्यात मागच्या पायरीवर पाय चुकला. मनगट मुरगळलं, थोडक्यात निभावलं. मिस्टर म्हणतात परसात मोठा फोकस लावू, दीर म्हणतात सेन्सरचा दिवा आणू. मला दोन्ही पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. शिवाय रात्री लाइट जाते ते वेगळंच.
– एक सून

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. फोकसची चूक मी स्वतः करून बसलोय.

आमच्या अमळनेरच्या घरी मी परसात वीस वॉटची पांढरीफेक एलईडी ट्यूब लावली होती. वायरमनचं घर, उजेडाला काय तोटा! मायच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत होता. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "रातले ऊन पडनं का रे?" मी हसण्यावारी नेलं. चौथ्या रात्री त्या झगझगाटातून ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात परत आली, उंबरा दिसला नाही आणि गुडघ्यावर आपटली. अंधाराची तिला सवय होती. पाडलं ते माझ्या ट्यूबने.

उजेडातून अंधारात आलं की डोळ्याला सरावायला वेळ लागतो आणि म्हातारपणी तो जास्तच लागतो. वयाबरोबर बाहुली पुरेशी उघडत नाही, भिंगही पिवळट होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीत पोचतो. म्हणून सासूबाईंना उजेड हवाय, पण खाटेपासून संडासापर्यंत सारखा, पिवळसर आणि पायाशी. दिव्याचा डोळा त्यांच्या डोळ्याला दिसता कामा नये. पिवळ्या उजेडावर किडेही कमी येतात, आणि किडे कमी तर पाली कमी.

आता सेन्सर. साधा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. मागची भिंत थंड आणि माणूस गरम, हा फरक त्याला लागतो. मार्गशीर्षात तो झकास चालेल. पण आपल्याकडच्या वैशाखात दिवसभर तापलेली भिंत रात्रीही माणसाच्या अंगाइतकीच गरम असते. मग त्याला माणूस कळायला वेळ लागतो, कधी कळतच नाही. शिवाय समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला तो चटकन पकडतो. दिरांनी आणलाच तर वाटेच्या बाजूला बसवा आणि त्याचा वेळ वाढवून घ्या. नाही तर म्हातारं माणूस आत बसलेलं असताना बाहेर अंधार होतो. मात्र एकट्या सेन्सरच्या भरवशावर राहू नका.

मी काय करीन ते सांगतो. माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं दार, तिन्हीकडे अर्ध्या वॉटचा रात्रदिवा, गुडघ्याच्या खाली. तो रात्रभर चालू राहू द्या. बिलाचं म्हणाल तर अर्धा वॉट, दहा तास. एका युनिटमध्ये एक दिवा दोनशे रात्री जळतो. हा हिशेब सासूबाईंसमोर करा. जुना 'झिरो'चा बल्ब असेल तर तो मात्र काढा. नाव झिरो, पण खातो दहा-पंधरा वॉट.

दुसरं काम बटणाचं. आम्ही वायरमन लोकांनी जन्मभर बोर्ड दाराशी बसवले. खाट कुठे असते, हे घरातल्या बाईला कधी विचारलं नाही. तुमच्याकडेही बटण दाराशी आणि खाट खिडकीशी असणार. म्हणजे दिवा लावायला आधी अंधारात चालायचं! जिन्याला करतात तसं टू-वे करून घ्या : एक बटण दाराशी, दुसरं निजल्या जागी हाताला येईल असं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. परसातली वायर पाइपातून न्या, ओल्या जागी लटकती नको, आणि अर्थिंग तपासून घ्या.

पायरी बहुधा शहाबादी फरशीची असेल. करडी पायरी, करडी जमीन. रात्री कड दिसणार कशी? कडेला चार बोटं रुंद पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा. उंबऱ्यालाही. रेडियमची पट्टी लोक चिकटवतात, पण गाडीच्या मागे लावतात ती नुसती उजेड परतवते, अंधारात आपली आपण चमकत नाही.

लाइट जाते त्यासाठी आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब मागच्या दाराशी, वर कपच्या (दिव्यावरच्या टोपीच्या) आड, उजेड खाली पडेल असा लावा. त्याचं बटण चालूच राहिलं पाहिजे. बंद केलं की लाइट गेल्यावर तो पेटत नाही. आमच्याकडे नातू येता-जाता बंद करायचा, म्हणून मी बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. हातातली बॅटरी नको असं नाही, पण ती धरली की भिंतीचा आधार घ्यायचा हात अडकतो. दोरी लावून गळ्यात अडकवा. उन्हाळ्यात त्या अंगणात निजत असतील तर वाट बदलते. एक दिवा तिकडेही लागेल.

दोन-तीनदा का उठावं लागतं, ते डॉक्टरांना विचारा. साखर, बीपीच्या गोळ्यांची वेळ, काहीही असू शकतं. उठल्याबरोबर चालायचं नाही, मिनिटभर खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, एवढं त्यांना सांगा. ऐकतील असं नाही. माय माझं कधीच ऐकायची नाही.

दिवे बसले की एक रात्र त्यांच्या खाटेवर तुम्ही निजा. चष्मा असेल तर काढा, अनवाणी उठा आणि परसापर्यंत जाऊन या. वाटेत जिथे जिथे हात भिंत चाचपेल, तिथे खडूने खूण करून ठेवा आणि ती तुमच्या वायरमनला दाखवा.