इजिप्तच्या १५० कवट्या: फरक आहे, पण कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: इजिप्तच्या पुरुष कवट्यांची चार मापे, पाच काळ (इ.स.पू. ४०००, ३३००, १८५०, २०० आणि इ.स. १५०), प्रत्येकी ३० कवट्या. काळांच्या जोड्या लावून टी-चाचण्या (दोन गटांच्या सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का ते पाहणाऱ्या) केल्या, काही फरक लक्षणीय निघाले. मग प्रागैतिहासिक काळातच बाहेरून लोक आले असे म्हणता येईल का?

टी-चाचण्या आधी बाजूला ठेवा. दहा जोड्या, चार मापे, म्हणजे ४० चाचण्या. मुळात काहीच फरक नसला तरी ५ टक्के पातळीला त्यातल्या सरासरी दोन ‘लक्षणीय’ निघतात. चारही मापे एकत्र घेऊन मॅनोव्हा करा, म्हणजे सगळ्या गटांची एकच चाचणी. तिचा निकाल सांगणारा विल्क्स लॅम्डा (१ म्हणजे गटांत फरकच नाही, ० कडे जाईल तसा फरक मोठा) ०.६६ येतो, तेव्हा फरक आहे हे नक्की.

तो कुठे आहे ते बघा. यात प्रागैतिहासिक गट पहिले दोनच, इ.स.पू. ४००० आणि ३३०० चे. कमाल रुंदीची सरासरी १३१.४ आणि १३२.४ मिमी. गटांतर्गत प्रमाण विचलन सुमारे ४.६, म्हणून सरासरींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (नुसत्या नमुन्यामुळे होणारा चढउतार) १.२. एक मिलिमीटर त्यातच बुडाला. महालनोबिस अंतर, म्हणजे सगळी मापे एकत्र धरून दोन गट किती लांब आहेत ते, त्याचा वर्ग ०.०९ येतो. दोन्ही गट एकाच लोकसमूहातले असते, तरी नुसत्या नमुन्याच्या चढउताराने तो ४ × (१/३० + १/३०), म्हणजे ०.२७ च्या आसपास आला असता. (हे अंतर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांना कोलकात्यात माणसांच्या मापांवर काम करतानाच सुचलेले, त्यामुळे इथे ते घरचेच.)

पहिल्या आणि शेवटच्या गटात, म्हणजे इ.स. १५० पर्यंत, याच अंतराचा वर्ग २.७० होतो. रुंदी १३६.२ वर जाते, तळापासून वरच्या हिरडीच्या कडेपर्यंतची लांबी ९९.२ वरून ९३.५ वर येते. म्हणजे बदल मुख्यतः नंतरचा.

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोच आहे. तिथे या कवट्यांच्या तयार संचात काळ हा क्रमित घटक आहे, म्हणजे नुसता क्रम लावलेली नावे, आणि प्रतिगमनात तो पाचही काळ समान अंतरावर धरतो. खरी अंतरे ७००, १४५०, १६५० आणि ३५० वर्षांची. काळाचा कल काढायचा तर वर्षांचा वेगळा अंकी स्तंभ करा.

पुढे स्वतः मापे घेणार असाल, तर तुटलेल्या कवटीच्या रिकाम्या जागी तिच्या गटाची सरासरी भरू नका. विचरण खोटेच कमी होते आणि गट आहेत त्यापेक्षा लांब दिसतात. मातीच्या दाबाने वाकलेल्या कवट्या वगळा. काही कवट्या आठवड्याने पुन्हा मोजा. दोन मोजण्यांतच मिलिमीटरचा फरक पडत असेल, तर मिलिमीटरभर फरकावर बोलण्यात अर्थ नाही.

स्थलांतराचे उत्तर या चार मापांत नाही. मिश्रण, आहार, दफनभूमीची निवड, कशानेही असाच कल दिसेल. त्यासाठी प्राचीन डीएनए किंवा दातांतले स्ट्रॉन्शियम (माणूस लहानपणी कुठल्या भागात वाढला याचा माग देणारे मूलद्रव्य) पाहावे लागेल.