खाडीत कयाकवरून मासे गरवायला सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी पुण्यात, आजोळ मालवणजवळ, पोहता येतं, जेटीवर बसून गळ टाकायची सवय आहे. आता कयाक घेऊन खाडीत शिरायचंय, तर कयाक कोणती, रॉड कोणता आणि मासा कुठे मिळेल?

मी मालवण तालुक्यातच राहतो आणि सात-आठ वर्षं करली आणि कालावल या दोन खाड्यांत कयाकवरून गरवतो. विचारलंत त्याचं उत्तर देतोच, पण विचारलं नाहीत ते आधी. पाणी कधी चढतं, कधी उतरतं हे पाठ झाल्याशिवाय रॉड गाडीतून खाली काढू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीतून सांगतोय. पहिल्याच हिवाळ्यात भर भरतीला तिवरांमधल्या एका अरुंद व्हाळात, म्हणजे ओढ्यासारख्या फाट्यात, शिरलो. तांबोशी लागत होती, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष नाही. तीन-साडेतीन तासांनी मागे वळून बघतो तर ज्या तोंडातून आत आलो तिथे पाणीच नाही, चकचकीत काळा चिखल. उतरून कयाक ओढू म्हणून पाय टाकला तो मांडीपर्यंत आत. कसाबसा पुन्हा वर चढलो आणि परत पाणी येईपर्यंत पाच तास उन्हात बसून राहिलो, जवळ एक लिटरची बाटली. बांधावरून कुर्ल्या पकडणारे एक आजोबा चालले होते. त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं, "सुकती बगलंस नाय?" एवढंच विचारलं आणि पुढे गेले.

तर सुकती, म्हणजे ओहोटी, बघायची कशी? मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळापत्रकं मिळतात, ती वापराच. पण आपल्याकडचा जुना हिशोबही डोक्यात असू द्या: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे तोंडाशी पाणी उतरायला लागलं तरी चार-पाच किलोमीटर आत ते अजून चढतच असतं.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही, हे दुसरं. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एकच भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. माझी फसगत तिथेच झाली. पहिल्या तासात काहीच हललं नाही असं वाटतं, माणूस निर्धास्त होतो, आणि मग व्हाळ बघता बघता रिकामा होतो.

नवख्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस म्हणजे अष्टमी-नवमीची सकाळ. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासा जास्त खातो असं इथला कोणीही सांगेल, आणि ते खरंही आहे, पण त्या ओढीत वल्हं सांभाळायचं की रॉड, असा प्रश्न पडतो. नवमीला भरती पावणेसातच्या आसपास. सहाला उजाडता उजाडता उतरा, भरतीच्या शेवटच्या पाण्याबरोबर वर जा, पाणी वळलं की गरवत गरवत खाली या. दोन्ही वेळा खाडीच तुम्हाला नेते. दहा-साडेदहाला किनाऱ्याला लागलंच पाहिजे, कारण सकाळचा मतलई वारा पडला की अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. बाहेर वाहणारी ओहोटी आणि आत येणारा वारा एकमेकांवर आदळले की करलीच्या खालच्या भागात अशा उभ्या, आखूड लाटा होतात की अर्धा किलोमीटर जायला तास लागतो. उतरण्याची जागाही अशी निवडा जिथे ओहोटीलाही पायाखाली वाळू किंवा जेटीची पायरी राहील. भरतीला सगळेच किनारे चांगले दिसतात.

आता कयाक. वर बसायची घ्या, आत पाय घालून बसायची नको. वर बसायच्या कयाकला तळातून आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी आपसूक निघून जातं, आणि उलटली तरी ती सरळ करून पुन्हा चढता येतं. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. यापेक्षा अरुंद असेल तर ती वेगाने जाते, पण मासा ओढताना डुगडुगते. हवा भरायच्या कयाकचा मोह गाडीत मावते म्हणून होतो, मलाही झाला होता. पण आपल्या खाड्यांत खडकाखडकावर कालवं आहेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते तिच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नका. लगेच विकत घेण्यापेक्षा जलक्रीडावाल्यांकडून दोन-तीनदा भाड्याने घेऊन बघा. तीन तास बसल्यावर कंबर काय म्हणते ते दुकानात कळत नाही.

लाइफ जॅकेट अंगावर, सीटमागे नाही. पोहता येतं हा मुद्दाच नाही. ओढीच्या पाण्यात बुटांसकट पोहणं आणि विहिरीत पोहणं यात फार फरक आहे. पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा, मित्राला घेऊन छातीभर पाण्यात जा आणि कयाक मुद्दाम उलटवा. सरळ करा, मग चढा: आधी आडवं होऊन पोट कयाकवर, मग उताणं होऊन बूड सीटमध्ये, शेवटी पाय. गुडघा टेकून चढायला गेलात की पुन्हा उलटणार. पाच-सहा वेळा जमलं की पुढचं.

वल्हं दोरीने कयाकला बांधलेलं, गळ्यात शिट्टी, जॅकेटवर हाताला येईल असा सुरा, तीन लिटर पाणी, फोन वॉटरप्रूफ पिशवीत. मागे चार-पाच फुटी काठीवर भगवं किंवा नारिंगी फडकं लावा. देवबागला करली समुद्राला मिळते त्या संगमाकडे पर्यटकांच्या बोटी जोरात येतात, त्यांना तुम्ही पाण्यावर तरंगणारा नारळ दिसता. खरं तर शिकेपर्यंत संगमाकडे फिरकूच नका. बाहेर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडेही रॉड घेऊन जाऊ नका.

नांगराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण उलटलेल्या कयाक मी पाहिल्यात त्या बहुतेक यामुळे. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण दोरी कयाकच्या बाजूला, मांडीजवळ बांधायची नाही. ओढ आली की नांगर त्या बाजूला खाली खेचतो, पाणी त्याच बाजूने वर चढतं आणि खेळ खलास. दोरी नेहमी टोकाला, पुढच्या किंवा मागच्या. सुटत नसेल तर ओढाताण न करता कापून टाका. सुरा त्यासाठीच आहे. चिखलाच्या उथळ पाण्यात मी नांगर वापरतच नाही. बांबूची सहा-सात फुटी काठी चिखलात रोवायची आणि कयाकचं टोक तिला बांधायचं. पुलाच्या खांबांना मात्र बांधू नका, तिथे पाणी फार ओढतं.

मासा कुठे? पाणी उतरायला लागलं की खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खारट जमिनीतल्या, आणि तिवरांतल्या छोट्या व्हाळांतून कोळंबी आणि बोयींची पिल्लं बाहेर पडतात. जिथे व्हाळ मोठ्या खाडीला मिळतो तिथे गढूळ आणि निवळ पाण्याची एक रेघ दिसते. जिताडा त्या रेघेच्या कडेला उभा असतो, फारसं न पोहता, तोंड प्रवाहाकडे करून. तुम्ही वरच्या बाजूने १५-२० मीटरवर थांबा आणि नकली मासा व्हाळाच्या तोंडातून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. कयाकची खरी गंमत हीच आहे: इंजिन नाही, आवाज नाही, गुडघाभर पाण्यातही जाता येतं. पण वल्हं प्लास्टिकवर आपटलंत की संपलं. तांबोशी वेगळी. ती जांभ्याच्या कपारीत, मुळांत, पडलेल्या झाडाखाली. लागली की पहिल्या दोन सेकंदांत परत बिळाकडे धावते आणि कयाकसकट तुम्हाला तिवरांत नेते, म्हणून ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू न देणारा रीलचा ब्रेक, घट्ट ठेवायचा आणि शक्य असेल तर पाय किनाऱ्याकडे सोडून आडवं बसायचं.

पहिल्या दिवशी जिताड्याची अपेक्षा धरू नका. जिवंत कोळंबी लावून काळुंदर, करकरे, मुडदुशे गरवा. करकरा हातात आला की दात करकरवून आवाज करतो, मुलांना फार आवडतं. रॉड सात फुटी, मध्यम ताकदीचा, ३००० किंवा ४००० चा रील, २० पौंडी विणलेला दोरा आणि पुढे हातभर ३०-४० पौंडी जाड लीडर. नकली माशांत रबरी मासा १०-१५ ग्रॅमच्या शिसाच्या गरीवर. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. दुकानदार दहा गोष्टी दाखवेल.

जिताडा लागलाच आणि मोठा असला तर माझी विनंती आहे की सोडा. हा मासा आधी नर असतो आणि वाढत वाढत मादी होतो, त्यामुळे मोठे जवळपास सगळे मादीच. पावसात ते अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतात. दोन-अडीच किलोचा घरी न्या, घर जेवेल.

हाताळताना शिंगाळ्याच्या काट्यांपासून जपा, पाठीवर एक आणि बाजूंना दोन. केंड, म्हणजे फुगणारा विषारी मासा, लागला तर सोडून द्या, खायचा विचारही नको. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला, वाळूत पाकट असते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर पाय बुडवून ठेवतात, त्याने कळ कमी होते, मग डॉक्टर.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तुम्हीही बंद ठेवा. तेव्हा खाडीला लोंढा असतो आणि लाकडाचे ओंडके वाहून येतात. सप्टेंबर संपता संपता पाणी निवळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी ते मे हे महिने चांगले. दुसऱ्या खाडीत जाणार असाल तर आधी चौकशी करा: चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. गोव्यात खाजणाच्या मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, मासे दाटीने असतात, पण तिथल्या मासेमारीचा लिलाव झालेला असतो, तो कुणाच्या तरी पोटाचा भाग आहे. तसंच इथेही. पाण्यात खुंट दिसले की जाळं आहे असं धरून लांबून जा. जिथून उतरणार त्या वाडीत आदल्या दिवशी जाऊन बोला. मी सुरुवातीला न विचारता कयाक उतरवायचो आणि लोक नुसते बघायचे. एकदा चहाला बसलो तेव्हा समोरच्या काकांनी सगळे खडक, सगळे व्हाळ आणि कोणत्या व्हाळात पाणी आधी आटतं तेही सांगितलं. मी अडकलो होतो तो व्हाळ त्यात पहिला होता.

पुढच्या अष्टमी-नवमीला शनिवार-रविवार येतो का बघा आणि इथेच खाली लिहा. माझ्याकडे दुसरी कयाक आहे, जुनी, जरा डावीकडे जाते, पण उलटवून शिकायला चालेल.