वाचकांचे प्रश्न : चाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा हाती घेताना

प्रश्न : मी दहा वर्षे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर वापरत आहे. पक्षी, पानेफुले आणि घरातल्या माणसांची छायाचित्रे काढण्याचा मला छंद आहे. आता मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा विचार असून फुजिफिल्मचा एक्स-टी५ मनात भरला आहे. मात्र ४० मेगापिक्सेलचा मला खरोखर उपयोग होईल का, आणि जुन्या फिल्म कॅमेऱ्यांसारख्या त्याच्या डायल केवळ देखण्या आहेत की कामाच्याही आहेत, हे ठरवता येत नाही. आपण तो वापरला असल्यास अनुभव कळवावा. — एक वाचिका

उत्तर : हा कॅमेरा मी तीन महिने जवळजवळ रोज वापरला, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा. एक्स-टी५च्या माथ्यावर डावीकडे आयएसओची (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता), उजवीकडे शटरस्पीडची (शटर किती वेळ उघडे राहते) आणि तिच्या शेजारी एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राचा उजेड, कमी-जास्त करण्याची अशा तीन डायल आहेत. ॲपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकार ठरवणारे, कडे बहुतेक लेन्सवरच असते. याचा अर्थ असा की, कॅमेरा बंद असतानाही, नुसती मान खाली घालून, पुढचे छायाचित्र कोणत्या मापाने निघणार आहे ते वाचता येते. खोलीतून अंगणात जाताना चालता चालता शटर १/१२५ सेकंदावरून १/१००० वर नेऊन ठेवावे आणि दाराबाहेर पडताच डोळा थेट व्ह्यूफाइंडरला लावावा, ही सवय मला आठवडाभरात लागली. आपल्या डीएसएलआरवर हेच काम चाक फिरवून आणि पडद्यावरचे आकडे पाहून होते. तेही वाईट नाही, पण माप ठरवणे आणि दृश्य पाहणे ही दोन कामे तिथे एकमेकांत मिसळतात. शटरची डायल पूर्ण स्टॉपनेच (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणाऱ्या पायरीने) सरकते, मधली मापे मागच्या चाकाने घ्यावी लागतात, हे मात्र सुरुवातीला अडते. आयएसओ आणि शटरच्या डायलला मध्यभागी कुलपाचे बटण आहे. एक्स्पोजरच्या डायलला ते नाही. त्यामुळे पिशवीतून कॅमेरा काढला की आधी त्या डायलकडे पाहून घ्यावे.

आता ४० मेगापिक्सेलविषयी. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या सध्याच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र बहुधा ६,००० बाय ४,००० पिक्सेलचे असेल आणि याचे ७,७२८ बाय ५,१५२ चे आहे. म्हणजे पिक्सेल दीडपटीहून अधिक वाढले तरी लांबी सुमारे २९ टक्क्यांनीच वाढली. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापल्यास २० इंच रुंदीचे छायाचित्र जेमतेम २६ इंचांवर जाते. घरात लावायच्या छापील प्रतींसाठी हा फरक किरकोळ आहे. पक्ष्यांसाठी तो खरा आहे, कारण दूरच्या फांदीवरचा पक्षी कापून मोठा केल्यावरही आपल्या आजच्या पूर्ण छायाचित्राइतके पिक्सेल हाती उरतात. त्याच आकाराच्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) ३०० मिलिमीटरच्या लेन्सने जणू ३८५ मिलिमीटरचे काम केल्यासारखे ते होते. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र यांत्रिक शटरच वापरावे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने फडफडणारे पंख वाकडे उमटतात.

या बारकाईची किंमत हाताला मोजावी लागते. खिडकीजवळ बसून सुईत दोरा ओवणाऱ्या आजींचे छायाचित्र मी १/६० वर काढले. छोट्या पडद्यावर ते निर्दोष दिसले, पण संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा सुई स्वच्छ आणि दोऱ्याचे टोक दुहेरी होते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण सात स्टॉपपर्यंत साथ देते असे कंपनी सांगते, आणि स्थिर वस्तूंच्या बाबतीत त्याचा मोठा आधार मिळतोही. पण ते आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाच्या बोटांचा नव्हे. तेच दृश्य १/२५० आणि आयएसओ १६०० वर पुन्हा घेतले, तेव्हा दोऱ्याच्या टोकाचे विसकटलेले तंतू सुटे सुटे मोजता आले. सावल्यांत थोडे दाणे आले आणि ते मी आनंदाने पत्करले. माणसांसाठी आज जो शटरस्पीड पुरतो त्याच्या दुप्पट वेग ठेवण्याची तयारी असेल, तर हा कॅमेरा आपल्याला नक्की आवडेल. बॅटरी आणि कार्डासह ५५७ ग्रॅम वजनाचा हा कॅमेरा दिवसभर गळ्यात बाळगताही येतो.

प्रश्न : एक्स-टी५ घेऊन दोन महिने झाले. जुन्या ३५ मिलिमीटर एफ/१.४ लेन्सने काढलेली छायाचित्रे शंभर टक्के मोठी करून पाहिली की मऊ वाटतात. निसर्गचित्रांसाठी मी ॲपर्चर एफ/१६ (बारीक छिद्र) ठेवतो, तरीही तेच. कॅमेऱ्यात दोष असेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून कॅमेऱ्यात दोष दिसत नाही. ती लेन्स २०१२ सालची आहे, आणि त्या काळचे फुजीचे सेन्सर १६ मेगापिक्सेलचे होते. नव्या सेन्सरचा पुरेपूर लाभ देणाऱ्या लेन्सची यादी कंपनीने प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात ही लेन्स नव्हती; २०२१ मध्ये आलेली ३३ मिलिमीटर एफ/१.४ होती. म्हणून जुनी लेन्स टाकून द्यावी असे मुळीच नाही. ती उघड्या ॲपर्चरवर चेहऱ्याला जो मुलायमपणा देते, तो मला आजही प्रिय आहे. शंभर टक्क्यांवर आपण पूर्वीपेक्षा अधिक मोठे करून पाहत आहात, हे लक्षात घ्यावे; जुन्या कॅमेऱ्याची आणि नव्या कॅमेऱ्याची फाइल एकाच आकारात छापून पाहिली, तर नवी मागे पडणार नाही.

एफ/१६ हे मात्र खरे कारण आहे. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची लहानशी चकती होते. एफ/१६ वर तिचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन असतो, तर या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३ मायक्रॉनचा आहे. एक बिंदू सात पिक्सेलच्या रुंदीवर सांडला की बारकावे उरणार कोठून? एफ/५.६ ते एफ/८ दरम्यान राहावे. जवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट हवे असल्यास फोकस बदलत तीन-चार छायाचित्रे घेऊन संगणकावर जोडावीत.

प्रश्न : फुजिफिल्मच्याच एक्स-टी५ आणि एक्स-एच२ या कॅमेऱ्यांत एकच सेन्सर आहे म्हणतात. मग निवड कशावरून करावी? मी स्वतःसमोर कॅमेरा ठेवून व्हिडिओही करते.

उत्तर : मग आपण एक्स-एच२ घ्यावा. दोन्ही कॅमेरे २०२२ मध्ये आले आणि दोघांचा सेन्सर एकच आहे, पण एक्स-टी५चा पडदा वर, खाली आणि उभ्या चौकटीसाठी बाजूला झुकतो, पुढे वळत नाही. एक्स-टी४ मध्ये बाजूला उघडून फिरणारा पडदा होता. पुढच्या आवृत्तीत कंपनीने तो काढून झुकणारा पडदा परत आणला. स्थिर छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी मी हा निर्णय योग्य मानतो, कारण कमरेच्या उंचीवरून पाहताना पडदा लेन्सच्या रेषेतच राहतो. आपली गरज वेगळी आहे. एक्स-एच२ ६६० ग्रॅमचा आहे, त्याची पकड खोल आहे आणि पडदा पुढे वळतो. फक्त वर सांगितलेल्या डायल तिथे नाहीत.

प्रश्न : रॉ फाइल (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) संगणकावर धारदार केली की झाडांच्या पानांत अळ्यांसारख्या रेघा दिसतात. उपाय काय?

उत्तर : फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवरील रंगांची मांडणी नेहमीच्या दोन-बाय-दोनऐवजी सहा-बाय-सहा चौकटींची असते आणि काही सॉफ्टवेअर ती उलगडताना अशा रेघा निर्माण करतात. धार लावण्याचे प्रमाण निम्म्यावर आणावे. तरी रेघा राहिल्या, तर तीच फाइल कॅमेऱ्यातच जेपेगमध्ये रूपांतरित करून पाहावी. त्यात पाने स्वच्छ आली, तर रॉ उघडण्याचे सॉफ्टवेअर बदलावे.

प्रश्न : फाइल फार मोठ्या होतात. जेपेगवरच यावे का?

उत्तर : रॉ सोडू नये. मेनूमध्ये रॉसाठी ‘लॉसलेस कम्प्रेस्ड’ हा पर्याय निवडावा. त्यात माहिती काहीही गमावली जात नाही आणि फाइल बरीच लहान होते.