नागपुरात सहावीतल्या मुलीला सायकलने शाळेत पाठवावं का?

पाठवा. पण एकटीला नको, आणि मेनरोडने तर मुळीच नको. घर प्रतापनगरला, शाळा दोन किलोमीटरवर आणि आजीचा ऊन-ट्रॅफिकवरून ठाम विरोध, असं तुम्ही लिहिलंय. आजींची निम्मी भीती खरी आहे.

उन्हाचं सोपं आहे. विदर्भातल्या शाळा उघडतातच जूनच्या शेवटी, मे महिना सुट्टीत जातो. राहिले मार्च-एप्रिल. शाळा सकाळची झाली तरी सुटते भर उन्हात. तेवढे दिवस तुम्ही गाडीवर आणा. सायकल बारा महिने चालवलीच पाहिजे असं कोणी सांगितलंय? डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य पावणेसातच्या पुढेमागे उगवतो. सकाळी सातची शाळा असेल तर घरून निघताना पुरतं उजाडलेलं नसतं, म्हणून मागे लाल दिवा हवाच.

ट्रॅफिकचं खरं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, आपल्या सिमेंट रोडची कड. बाजूची जमीन खाली आणि रस्ता वर, मागून हॉर्न वाजला की पोरं बिचकून कडेला जातात आणि चाक घसरतं. दुसरं, शाळेचं गेट. ऑटो, व्हॅन, राँगसाइड घुसणाऱ्या स्कूटी, सगळे एकाच दहा मिनिटांत. आपण पोरांना ट्रॅफिकपासून वाचवायला गाडीवर सोडून राहिलो, आणि गेटवरचा ट्रॅफिक म्हणजे आपणच. तिथे थोडं आधीच उतरून सायकल हातात धरून न्यायची सवय लावा.

रस्ता गल्ल्यांमधला निवडा, थोडा लांब पडला तरी चालेल. आठवडाभर शाळेच्याच वेळेला तिच्यासोबत स्वतः सायकलवर जा. रविवारी सकाळी पाहिलेला रस्ता वेगळाच असतो. मग गल्लीतली चार-पाच मुलं जमवा. आमच्या लेनमध्ये पालकांनी पाळ्या लावल्या होत्या, रोज एक जण मागे. महिन्याभरात पोरांनीच आम्हाला घरी बसवलं. ज्यांची शाळा किलोमीटरभरावर आहे, त्यांनी असंच घोळक्याने पायी जावं.

फायद्याचं म्हणाल तर, 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ट्यूशनच्या धबडग्यात ती होणार कधी? जाऊन-येऊन वीसेक मिनिटं इथेच निघतात.

आणि हो, नववीत गेली की ‘सगळ्यांकडे स्कूटी आहे’ सुरू होईल, तेव्हा बधू नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सायकल घेताना ‘पुढेही चालेल’ म्हणून मोठी घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तरासाठी मागे कॅरिअर लावून घ्या, पाठीवर ओझं घेऊन तोल जातो.