फ्लेक्स कुणी लावला होता?

पत्र नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून आलंय. वडिलांचा शीट मेटलचा छोटा कारखाना, बावीस कामगार. मुलगा बारावी कॉमर्सला. अकरावीत ६८ टक्के, पण बुक कीपिंगमध्ये ८९. वडिलांची तक्रार अशी की मुलगा किंगफिशरवाल्या विजय मल्ल्यांच्या नादी लागलाय. जून २०२५ मधली त्यांची ती चार तासांची मुलाखत त्याने तीनदा ऐकली आणि आता 'मला बिझनेसच करायचाय' म्हणतो. वडिलांना तो सीए व्हायला हवाय. 'मल्ल्या चोर आहे, हे तुम्ही करिअरच्या तज्ज्ञ म्हणून त्याला लिहून द्या,' अशी त्यांची विनंती आहे.

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सवयीने मार्कांखाली रेघा मारल्या. दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावर अडकले. तुम्ही लिहिलंय: 'दिवाळीच्या आधी जेवताना मला विचारतो, मामांचा बोनस कधी देणार? मल्ल्याने तरी माफी मागितली, तुम्ही काय करणार? मी एक ठेवून दिली.' मामा म्हणजे सतरा वर्षं तुमच्याकडे असलेले प्रेस ऑपरेटर, हेही तुम्हीच सांगितलंय.

ती चपराक तुम्ही मुलाच्या उद्धटपणाचा पुरावा म्हणून लिहिलीत. मला ती वाचून मुलाची नाही, तुमची काळजी वाटली. चार तासांची मुलाखत ऐकून अठरा वर्षांची बहुतेक पोरं विमानं, बोटी, पार्ट्या लक्षात ठेवतात. तुमच्या पोराने नेमकी कर्मचाऱ्यांची मागितलेली माफी लक्षात ठेवली आणि ती घरच्या जेवणाच्या ताटापर्यंत आणली. बोलण्याची पद्धत चुकली असेल. प्रश्न चुकला नव्हता, आणि उत्तर तर अजूनही मिळालेलं नाही.

दुसऱ्या पानावर तुम्ही मोठ्या अभिमानाने त्याच्या अठराव्या वाढदिवसाचं वर्णन केलंय. गंगापूर रोडला लॉन्स, साडेतीनशे पानं, त्रिमूर्ती चौकात फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेला फोटो आणि खाली 'युवा उद्योजक'. ज्याची बारावीची पूर्वपरीक्षाही व्हायचीय, तो युवा उद्योजक! आणि महिन्याभरात कामगारांना सांगितलंत की यंदा पेमेंट अडकलंय, बोनसचं नंतर बघू. साहेब, तो फ्लेक्स मल्ल्यांनी लावला नव्हता.

योगायोग बघा. मे २००५ मध्ये किंगफिशर एअरलाइन्स सुरू झाली, तेव्हा ती मल्ल्यांनी आपल्या मुलाला दिलेली अठराव्या वाढदिवसाची भेट आहे, असं देशभर बोललं गेलं. पुढे २०१२ मध्ये तिथे महिनोन्‌महिने पगार थकले, इंजिनिअर आणि पायलट कामावर यायचे थांबले आणि ऑक्टोबरमध्ये विमानं जमिनीवर बसली ती बसलीच. डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात त्यांचा साठावा वाढदिवस धूमधडाक्यात झाला, तेव्हाही थकलेले पगार मागणारे लोक होतेच. माझ्या मते कर्जाच्या आकड्यांनी हा माणूस लोकांच्या मनातून जितका उतरला नाही, तितका त्या पार्टीने उतरला. कोटींचे हिशेब सामान्य माणसाला कळत नाहीत. पगार थकलेला असताना केक कापला जातोय, हे मात्र कुणालाही कळतं. तुमच्या मामांनाही ते कळलं असणार, त्यांनीही लॉन्सवर पंगत वाढलीच असेल.

'चोर आहे' असं मी लिहून देणार नाही. त्याचा उपयोगही नाही, कारण आकडे पोराला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तुम्ही म्हणाल, जानेवारी २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार ठरवलं, त्या कायद्याखालचे ते पहिलेच. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानासाठी चार महिन्यांची कैद सुनावली. खरं आहे. तो म्हणेल, कर्जवसुली न्यायाधिकरणाने देणं ठरवलं ६,२०३ कोटी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनीच लोकसभेत सांगितलं की सरकारी बँकांना १४,१३१ कोटी परत मिळाले, मग चोर कसा? हेही खरं आहे. अशा वेळी आवाज चढवू नका, पुढचा प्रश्न टाका: ते पैसे त्यांनी आपणहून भरले, की जप्त केलेले शेअर आणि मालमत्ता विकून आले? व्याज कोणत्या तारखेपर्यंत मोजायचं? आणि बँकांचं निघालं तसं नोकरांचंही निघालं का? बुक कीपिंगमध्ये ८९ मिळवणारा पोरगा यावर दोन रात्री बसेल. त्याला बसू द्या.

आता तुमचं ते वाक्य, जे तुम्ही अधोरेखित करून लिहिलंय: 'मॅडम, धंद्यात दिसावं लागतं.' हा गैरसमज नाशिकच्या दर दुसऱ्या कारखानदाराकडून ऐकते, म्हणून जरा थांबते. मल्ल्या दिसत होते त्याला धंद्याचं कारण होतं. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही. मग किंगफिशर बिअर विकणाऱ्याने करायचं काय? त्याच नावाचं कॅलेंडर काढायचं, त्याच नावाचं विमान उडवायचं, आयपीएलचा संघ घ्यायचा, फॉर्म्युला वनच्या गाड्या पळवायच्या आणि स्वतः हिऱ्याची कुडी घालून सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं. मालक हाच जाहिरातीचा फलक. बिअरच्या बाबतीत हे चाललंही. १९८३ मध्ये वडील विठ्ठल मल्ल्या गेल्यावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी हाती आलेला धंदा त्यांनी कितीतरी पटींनी वाढवला. (शून्यातून उभं राहिलेलं हे उदाहरण नव्हे, हे मुलाच्या कानावर जरूर घाला.) तीच युक्ती विमान कंपनीला लावली, आणि त्या कंपनीला एकाही वर्षी नफा झाला नाही. बँकांनी तर त्या नावालाच तारण धरलं. तेव्हा त्या ब्रँडची किंमत चार हजार कोटींच्या वर काढली होती. एप्रिल २०१६ मध्ये त्याचा लिलाव पुकारला, राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख, आणि बोली लावायला एक माणूस आला नाही. बिअर मात्र आजही खपते, आता दुसऱ्यांच्या हाताखाली. तुमच्या प्रेसमधून निघणाऱ्या ब्रॅकेटला गॉगल कशाला हवा? तुमचं गिऱ्हाईक रिजेक्शन किती आणि माल वेळेवर येतो का, एवढंच बघतं. माल वेळेवर जातो तो मामांमुळे.

पेमेंट अडकतं हे मी नाकारत नाही. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असं कायदा म्हणतो आणि धनादेश नव्वद दिवसांनंतर हातात पडतो, हे अंबडला आणि सातपूरला कुणाला सांगायला नको. पण वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात बोनस ही मालकाची मेहेरबानी नसते. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, तोही हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. मार्चअखेर धरलीत तर ३० नोव्हेंबर. लॉन्सचं बिल तुम्ही उधार ठेवलं नव्हतंत.

शेवटच्या पानावरच्या एका ओळीने मी दचकले. 'आता अठरा पूर्ण झाले, तर सीसी लिमिट वाढवताना त्याचीही जामीनदार म्हणून सही घेऊ.' सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, धंद्याचं बँकेतलं फिरतं कर्ज. हे करू नका. कंपनी लिमिटेड असली की मालक सुटला, असं मुलाला वाटत असेल, कदाचित तुम्हालाही. मल्ल्यांच्या मानेभोवती विमान कंपनीचं कर्ज आलं ते वैयक्तिक हमीमुळे. त्या हमीवरच बँका त्यांच्यामागे लंडनच्या कोर्टापर्यंत गेल्या आणि २०२१ मध्ये तिथे त्यांना दिवाळखोर ठरवलं गेलं. ज्याचं पहिलं करिअर अजून ठरायचंय, त्याच्या नावावर तुमचं कर्ज कशाला?

करिअरचं थोडक्यात. सीएसाठी बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा, बीबीएसाठी राज्याची सीईटी, इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा कोर्स हवा असेल तर आयपीमॅट ही प्रवेशपरीक्षा. माहिती त्या-त्या संकेतस्थळावर मिळेल. त्याला हिशेबात गती दिसते, सीए झाला तर चांगलाच होईल; पण तुम्ही ते औषध म्हणून नाही, शिक्षा म्हणून पाजताय. गालावर वळ असताना निवडलेला कोर्स परीक्षेच्या दुसऱ्या ग्रुपला, म्हणजे विषयांच्या दुसऱ्या गटाला, सुटतो, अशी पोरं माझ्यासमोर येऊन बसतात. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत सीए हा शब्द घरात काढू नका. परीक्षेनंतर दोन महिने त्याला कारखान्यात घ्या, केबिनमध्ये नव्हे. हजेरीपट, पीएफचं चलन, कुणाकडून किती येणं आणि किती दिवसांपासून, हे त्याच्या हातात द्या. पीएफचं चलन पंधरा तारखेच्या आत जातं की नाही, हे तो तुम्हाला विचारेल. त्या वेळी हात उचलू नका. त्या दोन महिन्यांत त्याला आकडेमोड आवडते की गिऱ्हाईक, ते त्याचं त्याला कळेल, मला विचारायचीही गरज उरणार नाही.

तरी यायचंच असेल तर मे महिन्यात त्याला एकट्याला पाठवा. गुणपत्रिका नको. मामांच्या खात्यात बोनस कोणत्या तारखेला जमा झाला, तेवढं त्याला सांगून पाठवा. सुरुवात मी तिथूनच करणार आहे.